विषाला भ्यायचं की बटणाला?

‘शास्त्रज्ञ आता जिवंत प्राण्यांच्या पेशींत एरंडाचं विष घालतात आणि तापमान वाढलं की ते चालू होतं’ अशा अर्थाचा एक मेसेज दोन-तीन ग्रुपांवर फिरतोय. पुढे नेहमीप्रमाणे लस, बियाणं, परदेशी कंपन्या सगळं एकाच भांड्यात ढवळलेलं. खाली प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या. निम्मे घाबरलेले, निम्मे ‘काहीही फेकतात’ म्हणून हसणारे. गंमत अशी की त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. आणि आजचं नाही, १९९२ सालचं आहे. म्हणून जरा लांब लिहितोय. वेळ नसेल तर निदान फॉरवर्ड करण्याआधी मधला भाग तरी वाचा.

एरंड आपल्याला परका नाही. नाक दाबून एरंडेल प्यायलेली पिढी अजून या ग्रुपवर आहे. जगात सगळ्यात जास्त एरंड भारतात पिकतो, त्यातला बराचसा शेजारच्या गुजरातेत. त्याच्या बीत रायसिन नावाचं प्रथिन असतं, जबरदस्त विषारी. ते तेलात उतरत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारं आहे, आणि तेल काढताना लागणाऱ्या उष्णतेनं निकामीही होतं. धोका असतो तो बीत आणि नीट न तापवलेल्या पेंडीत. म्हणून ही पेंड खत म्हणून शेतात जाते, गुरांपुढे तशीच टाकत नाहीत. लंडनमध्ये १९७८ साली जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत एक बारीक गोळी घुसवून त्याला मारलं, त्या गोळीत रायसिन होतं असं मानलं जातं. रासायनिक अस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारात रायसिनचं नाव सगळ्यात कडक, म्हणजे पहिल्या यादीत आहे. तेव्हा भीती वाटणाऱ्यांना मी वेडं ठरवत नाहीये. नाव ऐकून दचकावं असंच हे विष आहे.

पण हे विष मारतं कसं ते बघा. रायसिनचे दोन भाग असतात, ‘ए’ आणि ‘बी’. ‘बी’ भाग पेशीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटतो आणि आत शिरायचा रस्ता करून देतो. ‘ए’ आत गेल्यावर रायबोसोम नावाचे जे प्रथिनं बनवणारे कारखाने असतात, त्यांच्या हजारो कड्यांच्या साखळीतला नेमका एक तुकडा उपटतो. एकच. कारखाना बंद. ‘ए’चा एक रेणू मिनिटाला हजाराहून जास्त रायबोसोम असे बंद पाडू शकतो. आता ‘बी’ काढून टाका. उरलेला ‘ए’ बाहेरून पेशीला फारसं काही करू शकत नाही, कारण त्याला दारच सापडत नाही. हत्यार आहे, पण चावी नाही.

संशोधकांनी हेच वापरलं. ‘ए’ भाग बनवण्याचं जनुक थेट पेशीच्या आतच ठेवायचं. पेशी स्वतःच तो बनवते आणि स्वतःच मरते. मेल्यावर ती फुटली, तरी सांडलेला ‘ए’ शेजारच्या पेशीत शिरू शकत नाही, चावी नसल्यामुळे. म्हणजे हव्या त्या पेशी मरतात आणि बाजूची पेशी शाबूत राहते. हे काम होतं चिलटांवर. हो, तीच, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी. जनुकशास्त्राचं शंभरेक वर्षांचं अर्धं कर्ज या चिलटांचं आहे असं म्हटलं तरी चालेल.

पण पेशी मारायच्याच कशाला? तर घरात मेन बोर्डावर आठ फ्यूज असतात आणि कुठला कशाचा ते लिहिलेलं नसतं, तेव्हा आपण काय करतो? एक काढतो आणि ओरडून विचारतो, ‘काय गेलं रे?’ पंखा गेला, मोटर गेली, की कळतं. चिलटाच्या मेंदूत लाखाच्या वर पेशी आहेत. कुठल्या पेशींमुळे वास कळतो, कुठल्यांमुळे झोप लागते, कुठल्यांमुळे आठवण राहते, हे शोधायचं तर काही ठरावीक पेशी बाजूला करून काय गेलं ते बघावं लागतं.

अडचण अशी की आपण फ्यूज काढतो तेव्हा घर बांधून झालेलं असतं. विषाचं जनुक मात्र अंड्यापासूनच चिलटात असतं. ते सुरुवातीपासून चालू राहिलं तर चिलट घडतानाच बिघडणार. मग मोठेपणी त्याला वास येत नाही तो त्या पेशी आज नाहीत म्हणून, की मेंदूच मुळात वेडावाकडा घडला म्हणून? कळायला मार्ग नाही. शिवाय पेशी जगायला लागणारी असेल तर चिलट मरूनच जाईल, पुढची पिढी कुठून आणणार? म्हणून विषाला बटण हवं. आपण ठरवू तेव्हाच चालू होणारं.

ते बटण म्हणजे तापमान. चिलट काही आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. बाटली ठेवाल तेवढंच त्याचं अंग गरम. १८ अंशांवर ते सावकाश वाढतं, २९-३० वर भराभर, पण दोन्हीकडे जगतं. प्रथिनाच्या घडीत एखाद्या ठिकाणी बदल झाला, तर ते एका तापमानाला नीट घडी घालून काम करतं आणि दुसऱ्याला ढेपाळतं. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी रायसिनच्या ‘ए’ भागाची अशी बदललेली जात चिलटात वापरून दाखवली. १८ अंशांवर निजलेली, तिशीच्या आसपास जागी. चिलटाच्या डोळ्यात ती घातली, तर थंडीत वाढवलेल्यांचे डोळे ठीक आणि उबेत वाढवलेल्यांचे खराब. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या गटानं घटसर्पाच्या विषाचं असंच केलं, पण बटण उलटं. तिथे उबेत विष झोपतं, थंडीत उठतं.

घटसर्पाचं विष रायसिनपेक्षाही अवघड. पेशीच्या आत त्याच्या मारणाऱ्या तुकड्याचा एक रेणू गेला तरी पेशी मरू शकते, हे जपानी संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं. एक रेणू! म्हणजे ‘जवळजवळ बंद’ असलेलं बटण चालणारच नाही. नळ बंद केल्यावर थेंब-थेंब गळतो, ते आपण बादली लावून चालवून घेतो. इथे एका थेंबात खेळ खलास. त्यामुळे त्यांनी या बदललेल्या जाती आधी यीस्टमध्ये निवडल्या. तत्त्व साधं आहे. विषाचं जनुक दिलेल्या लाखो यीस्ट पेशी घ्यायच्या, एका तापमानाला जगतात आणि दुसऱ्याला मरतात अशाच वेचायच्या. गळका नळ ज्यांच्यात आहे त्या आपोआप मरून बाजूला होतात. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच. नळ गळतो का, याची परीक्षा नळ बसवायच्या आधी घेतली.

आता आपल्याकडचं बघू. इथे मे महिन्यात खोलीतलं तापमान ३५ च्या वर, बाहेर त्याहून जास्त. १८ अंश टिकवायचे तर इन्क्युबेटर, इन्व्हर्टर, जनरेटर, सगळी वरात. समजा लाइट गेली आणि बॅकअपही बसला. रायसिनवालं चिलट असेल तर विष जागं होणार. विष डोळ्यात घातलं असेल तर डोळे जातील, जगायला लागणाऱ्या पेशीत असेल तर चिलट मरेल, संशोधकाची दोन वर्षं बुडतील. पण बाहेरच्या कुणाला काही होणार नाही. घटसर्पवालं असेल तर उकाड्यात विष झोपलेलंच राहणार आणि ते चिलट खिडकीतून गेलं तर मजेत गेलं. विष दोन्ही भयंकर, पण बिघाड झाला की एक कुठल्या बाजूला पडतं आणि दुसरं कुठल्या बाजूला, हे वेगळं. नागपुरातल्या प्रयोगशाळेनं कुठलं निवडावं आणि एडिंबरामधल्या कुणी कुठलं, हा प्रश्न ‘विष आहे का’ या प्रश्नापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

जाता जाता आपल्या मुंबईचा हिस्साही सांगतो, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी १९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून आले. पुढे त्यांनी सिमूर बेंझर यांच्याबरोबर अशा चिलटांवर काम केलं, जी तापमान वाढलं की लुळी पडतात आणि गार केलं की उठून चालायला लागतात. त्यांचा निबंध १९७६ चा. त्यातल्या एका जातीचं नावच ‘कोमाटोज’. इथे विष वगैरे काही नव्हतं, चिलटाचंच एक जनुक उष्णतेला हळवं झालेलं. याच जातकुळीतलं ‘शिबिरे’ नावाचं एक जनुक आहे, जपानी शब्द, बधिर होणे या अर्थाचा. २००१ पासून संशोधक ते हव्या त्या मेंदूपेशींत घालून, उष्णता देऊन त्या पेशी थोडा वेळ गप्प करतात आणि गार करून पुन्हा बोलत्या करतात. म्हणजे जिथे गप्प करून भागतं तिथे मारायचं कशाला, असा शहाणपणाही याच क्षेत्रात आला. ज्यांना वाटतं की ‘माश्यांवर सरकारी पैसा कशाला उधळता’, त्यांनी कुलाब्याच्या त्या कामाचा हिशेब एकदा मांडून बघावा. त्यातून पुढे बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं राहिलं, आणि आज पुण्यातल्या आयसरमध्येही चिलटांवर काम चालतं.

इथवर प्रयोगशाळेचं झालं, आणि माझं मत स्वच्छ आहे. हे काम व्हावं, त्याला पैसा मिळावा, आणि ‘विष’ शब्दानं बिचकून कुणी त्यावर बंदी मागू नये.

पण बटण प्रयोगशाळेच्या बाहेर आलं की गोष्ट बदलते, कारण इन्क्युबेटरचा काटा आपण फिरवतो, हवामानाचा नाही. चीनमध्ये संकरित भाताची एक पद्धत आहे. काही भाताच्या जाती ठरावीक तापमानाच्या वर गेलं की नर म्हणून वांझ होतात, परागकण तयार होत नाहीत. मग त्यांच्यावर दुसऱ्या जातीचा पराग पाडून संकरित बी घेता येतं. सुंदर कल्पना, त्यावर लाखो हेक्टर भात पिकतो. पण १९८९ चा उन्हाळा अनपेक्षित गार गेला, आणि वांझ असायला हव्यात त्या जाती स्वतःच फळल्या. संकरित बियाण्याचा पत्ता नाही. इथे कुणी विष घातलेलं नव्हतं आणि कुणाची लबाडीही नव्हती. नुसतं बटण आभाळाच्या हातात दिलं होतं. त्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी आणखी कमी तापमानाला पलटणाऱ्या जाती शोधल्या, म्हणजे गार उन्हाळ्यातही धोका कमी.

आपल्याकडे वाद झाले ते तापमानाच्या बटणावरून झाले नाहीत, पण वळण तेच. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘टर्मिनेटर’ बियाण्याचं पेटंट निघालं. त्यातही पेशी मारणारं प्रथिन होतं, रायसिनच्याच कुळातलं, आणि बटण म्हणून टेट्रासायक्लिन. भारतात त्यावरून रान पेटलं, आणि २००१ च्या पीक वाण व शेतकरी हक्क कायद्यात अशा तंत्राच्या वाणांना नोंदणी नाकारली गेली. ते बरोबरच झालं. कारण तिथे बटण कंपनीच्या हातात होतं आणि परिणाम शेतकऱ्याच्या पेरणीवर.

मग मोहरी. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटानं केलेल्या डीएमएच-११ या वाणात ‘बार्नेज’ नावाचं जिवाणूतलं विष वापरलंय. ते परागकोशातला फक्त एक थर मारतं, ज्याच्यावर परागकण पोसले जातात. आणि जो जिवाणू हे विष बनवतो, तो स्वतः मरू नये म्हणून ‘बारस्टार’ हा उताराही बनवतो. तोच उतारा दुसऱ्या पालक वाणात ठेवलाय, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात येणारं संकरित पीक पुन्हा नीट फळतं. विष एकाकडे आणि उतारा दुसऱ्याकडे. विज्ञान म्हणून मला यात खोट दिसत नाही. तणनाशकाला दाद न देणारं जनुकही त्यात आहे, त्यावरचा आक्षेप वेगळा आणि माझ्या मते जास्त वजनदार. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणात सोडायला मंजुरी मिळाली, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि गाडी तिथेच अडकली. का अडकली? विषामुळे नाही. २०१६ मध्ये या वाणाच्या सुरक्षा चाचण्यांचा सारांश तेवढा वेबसाइटवर टाकला आणि पूर्ण कागदपत्रं बघायची असतील तर दिल्लीला मंत्रालयात येऊन वाचा, असं सांगितलं. आता सांगा, लातूरचा शेतकरी इंग्रजीतले शेकडो पानांचे तक्ते वाचायला दिल्लीला जाणार?

ही सवय जुनी आहे. १९६९ पासून दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचं एक केंद्र डासांवर जनुकीय नियंत्रणाचे प्रयोग करत होतं. वांझ नर सोडायचे आणि डासांची पैदास कमी करायची, असा उद्देश. पैसा अमेरिकेचा. काय चाललंय हे लोकांना नीट सांगितलंच नव्हतं. मग बातम्या आल्या, जैविक युद्धाची तयारी चालल्याचा संशय आला, संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले, आणि १९७५ मध्ये सोनीपतला एडिस डास सोडण्याचा मोठा प्रयोग ऐनवेळी रद्द झाला. केंद्रही बंद पडलं. संशय खरा होता की खोटा यावर आजही लोक भांडतात. पण डेंगीचा डास तोच, एडिस. त्यानं तेव्हापासून किती घरं रडवली हे इथे कुणाला सांगायला नको. तो प्रयोग यशस्वी झाला असता असं मी म्हणत नाही. निदान तो फसला की जमला हे तरी कळलं असतं.

आणि हे आपल्या दारातही येऊन गेलंय. जालना जिल्ह्यात दावलवाडीला जानेवारी २०१७ मध्ये ऑक्सिटेकच्या जनुक बदललेल्या एडिस डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या. त्या डासांतही पेशींना जगू न देणारं प्रथिन होतं आणि बटण होतं टेट्रासायक्लिनचं. ते मिळालं तर पिल्लं जगतात, नाही मिळालं तर बहुतेक मरतात. मग पहिला प्रश्न कुणीही शहाण्या माणसानं विचारावा असा आहे. टेट्रासायक्लिन तर कोंबड्यांना, गुरांना सर्रास देतात. आपल्या गटारात, शेणाच्या डबक्यात ते किती उतरतं? बटण बाहेरच्या डबक्यातच दाबलं गेलं तर? या प्रश्नाला उत्तर देता येतं, मोजता येतं, आणि ते मोजून गावात सांगता येतं. ‘हे सुरक्षित आहे’ असं पत्रक वाटण्यापेक्षा ‘आम्ही अमुक डबक्यांतलं पाणी तपासलं, इतकं सापडलं’ असं ग्रामसभेत सांगितलं, तर लोक ऐकतात. आपल्याकडचा माणूस फवारणीचं औषध लिटरला किती मिली हे रोज मोजतो. त्याला बटण, गळती आणि बिघाड समजत नाही असं समजणं हा उद्धटपणा आहे.

विरोध करणाऱ्या माझ्या मित्रांनाही एक सांगायचंय, रागावू नका. ‘विष’, ‘परदेशी’, ‘निसर्गाविरुद्ध’ एवढ्यावर आंदोलन उभं राहतं, पण त्यात मंजुरी देणाऱ्यांना सोपी पळवाट मिळते. ते म्हणतात, लोक अडाणी आहेत, भावनेवर बोलतात, मग कागद दाखवून उपयोग काय. त्यापेक्षा विचारा की बटण कशाचं आहे आणि बाहेर ते कोण दाबणार. बंद असताना किती गळतं आणि ते कुणी तपासलं. बिघडलं तर जीव मरतो की मोकाट सुटतो. या प्रश्नांपुढे पत्रकबाजी टिकत नाही. १९९२ मध्ये चिलटांवर काम करणाऱ्यांनी हेच प्रश्न स्वतःला विचारले होते, आणि उत्तरं छापून ठेवली. एका किड्याच्या डोळ्यासाठी एवढी चोख तयारी होते, तर आपल्या तालुक्यासाठी का होऊ नये?

राज्यात यापुढे जनुक बदललेल्या पिकाची किंवा किड्याची चाचणी होणार असेल, तर ज्या तालुक्यात होणार तिथल्या पंचायत समितीत चार पानी मराठी टिपण आधी लावलं जावं, त्यावर चाचणी करणाऱ्याची सही असावी, आणि पूर्ण कागदपत्रं नेटवर उघडी असावीत. आपल्या आमदारांना हे लिहून द्यायला मी एक साधं निवेदन तयार करतोय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली गावाचं नाव टाका. आणि ज्यांना रायसिनबद्दल शंका असतील त्यांनीही विचारा, फक्त कुणी एरंडेल पिणं बंद केलं म्हणून मला जबाबदार धरू नका.